भिरभिरं

बाबा लाकडाच्या गाई करायचे.
म्हणजे आधी गाय नसायचीच.
लेथवर ओलं कडं गरगरायचं,
पटाशी आत कुठेतरी वळायची, उतरायची,
आणि मग ते कडं सुरीने केकसारखं कापलं
की फोडीफोडीतून एकेक गाय निघायची,
शिंगं, शेपूट, चारही पाय.
एका कड्यात साठ.
आमच्या डोंगरात घरोघरी हेच चाले.
देवानेही जग असंच कापलं असणार, मला वाटे.

मग एका वर्षी गाई बंद झाल्या.
एक साहेब नकाशा घेऊन आला.
पंखा. दोन पात्यांचा. मेपलचा.
विमानाच्या पायाला बसवायचा.
बाबांनी विचारलं, याने विमान जोरात जातं का?
उलट, थोडं हळूच होतं.
मग हा करतो काय?
ओरडतो, साहेब म्हणाला.

रात्री बाबा आईला समजावत होते,
बॉम्ब नाही गं, गोळी नाही, कुणाला लागत नाही.
नुसता आवाज आहे, एल्फ्रीडे.
आई बटाटे सोलत होती.
आवाजाचे पैसे वेळेवर देतात ना?

पाती घासायचं काम माझं.
शनिवारला बारा.
गालावर फिरवून बघ, बाबा म्हणत,
गालाला कळतं ते बोटाला कळत नाही.
मी फिरवून बघायचे.

खाली गावातल्या सिनेमात
पडद्यावर विमानाने नाक खाली केलं
आणि तो आवाज आला.
रस्ताभर माणसं आडवी. एक घोडा गाडीसकट खंदकात.
अंधारात मी ओरडले, आमचा! आमचा आहे तो!
लोक वळून हसले. कुणीतरी लिमलेटची गोळी दिली.
बाबांनी हॅट मांडीवर घेतली
आणि चित्र संपेपर्यंत तिच्या आत बघत राहिले.

ब्रोन्या पुढच्या हिवाळ्यात आली,
पोलंडहून, छातीवर अक्षर शिवलेली.
सोळा-सतराची. भुसा झाडायची, सरस ढवळायची.
बोलायची नाही.

त्या दिवशी मी बाकावर चढले,
पंखा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, उडी मारली
आणि तोंडाने तो आवाज काढला.
मला छान जमायचा:
नाकात सुरू करायचा, मग वर, वर,
घसा फाटेपर्यंत.

ब्रोन्या दिसेनाशी झाली.
सरसाचं भांडं कलंडलेलं.
ती लेथखाली, भुशात,
तोंडात स्वतःच्याच वेणीचा शेंडा कोंबलेला,
आणि दोन्ही हात असे, जसे
कुणा लहानाच्या डोक्यावर धरावेत.
हातांखाली कुणी नव्हतं.

मी हसले.
मग पुन्हा काढला, काय होतं बघायला.
हे मी पाद्रीलाही सांगितलेलं नाही.

बाबा दारात होते.
मला काही म्हणाले नाहीत.
लेथचा पट्टा उतरवला, गुडघ्यांवर आले,
आणि तिच्यापासून हातभर अंतरावर
भुशात बसून राहिले,
जमिनीवरचा सरस वाळेपर्यंत.

सोमवारी बारा पंखे नेहमीसारखे रवाना झाले.

पुढे एक पत्र आलं:
यापुढे गरज नाही.
शत्रूला सवय झाली आहे.

उरलेले एकोणीस आम्ही चुलीत घातले.
मेपल छान जळतं, धूर कमी.
एकदाच धुराड्यात वारा शिरला,
बाबा ताटावरून उठून अंगणात गेले.
ब्रोन्या मे महिन्यात पायी पूर्वेला गेली.
तिचं आडनाव आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही.

पणतूने जत्रेतून भिरभिरं आणलंय,
प्लॅस्टिकचं, बाल्कनीत खोचलेलं.
त्याचा तर आवाजही होत नाही.
तरी जाता-येता मी पात्यांत बोट घालते.
थांबतं.
पणजी, सोड ना! तो ओरडतो.

सोडते.
बोट आपसूक गालाकडे जातं.